पेढीचे इंटरनेट अडले तर दोष कुठे शोधावा?

राउटरची तपासणी आणि लाईनच्या आवक-जावकीचा हिशेब

कापडाच्या धंद्यात इंटरनेट आता नुसते सोयीचे साधन राहिलेले नाही, माल हलवण्याचा परवानाच त्याच्यातून निघतो. १ एप्रिल २०१८ पासून एका राज्यातून दुसऱ्या राज्यात ५०,००० रुपयांपेक्षा जास्त किमतीचा माल पाठवायचा तर ई-वे बिल लागते. महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात ही मर्यादा सर्वसाधारणपणे १ लाख रुपयांची आहे. ज्यांची वार्षिक उलाढाल ५ कोटींच्या वर आहे त्यांना १ ऑगस्ट २०२३ पासून दुसऱ्या व्यापाऱ्याच्या नावाचे प्रत्येक बिल सरकारी पोर्टलवर नोंदवून त्याचा क्रमांक घ्यावा लागतो. गोदामाच्या दारात टेंपो भरून उभा असला आणि पेढीच्या संगणकावर पोर्टल उघडत नसले, तर तो माल जागचा हलवता येत नाही.

अशा वेळी घाई होते. "आधी टेंपो काढा, बिल मागून मोबाईलवर पाठवू," असे कोणीतरी म्हणतो. ही घाई महागात पडते. भिवंडीहून अहमदाबादला २ लाखांचे कापड निघाले तर त्यावर ५ टक्के दराने १०,००० रुपये कर होतो. वाटेत तपासणीत ई-वे बिल सापडले नाही तर गाडी अडवली जाऊ शकते. १ जानेवारी २०२२ पासून लागू असलेल्या तरतुदीप्रमाणे माल सोडवण्यासाठी कराच्या दुप्पट, म्हणजे २०,००० रुपये दंड भरण्याची पाळी येते. त्यात गाडीचे थांबून राहण्याचे भाडे आणि गिऱ्हाईकाची नाराजी वेगळीच.

दुसरी घाई राउटरशी होते. सर्व तारा उपटायच्या, हाती लागेल ते बटण दाबायचे, नवीन राउटर मागवायचा. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, असा हा प्रकार आहे. लाईन बंद पडते तेव्हा दोष बहुधा एकाच जागी असतो. ती जागा शोधण्याचा ठरलेला क्रम आहे आणि त्याला दहा मिनिटांपेक्षा जास्त वेळ लागत नाही. संगणकाचे शिक्षण न घेतलेला व्यापारी किंवा त्याचा मेहताही हा क्रम पाळू शकतो.

आधी वाट समजून घ्या

पेढीतला संगणक तारेने किंवा वाय-फायने राउटरला जोडलेला असतो. राउटरकडून वाट फायबरच्या डब्याकडे जाते. या डब्याला ओएनटी किंवा ओएनयू म्हणतात. पुष्कळ ठिकाणी राउटर आणि ओएनटी एकाच डब्यात असतात. तेथून काचेची बारीक तार खांबावरून इंटरनेट कंपनीच्या केंद्रात जाते आणि पुढे बाहेरचे जग व शेवटी आपल्याला हवे ते पोर्टल.

गोदामातून निघालेली गाठ हमाल, टेंपो, ट्रान्सपोर्टचे बुकिंग आणि पलीकडची डिलिव्हरी अशा टप्प्यांनी जाते. गाठ पोहोचली नाही तर आपण थेट अहमदाबादेत चौकशी सुरू करीत नाही. हमालाने ती उचलली का, ट्रान्सपोर्टची पावती झाली का, असे आपल्या दारापासून विचारीत जातो. इंटरनेटचा तपासही असाच दारापासून बाहेर करावा.

राउटरचे काम मार्केटच्या दरवानासारखे असते. मार्केटच्या इमारतीचा पत्ता बाहेरच्यांसाठी एकच, आत गाळे अनेक. बाहेरून आलेला माल कोणत्या गाळ्याने मागवला होता हे दरवान लक्षात ठेवतो आणि तिकडे पाठवतो. राउटर आतल्या प्रत्येक संगणकाला, फोनला व कॅमेऱ्याला असा गाळा क्रमांक देतो. त्याला आयपी पत्ता म्हणतात. तो बहुधा १९२.१६८ या आकड्यांनी सुरू होतो.

हात लावण्यापूर्वी तीन प्रश्न

पहिला प्रश्न: बिघाड एकाच संगणकाचा आहे की सर्वांचा? दुसऱ्या संगणकावर किंवा पेढीच्या वाय-फायवरील फोनवर पाहावे. फोनचा मोबाईल डेटा आधी बंद करावा, नाहीतर फोन आपल्याच सिमवर चालतो आणि वाय-फाय ठीक आहे असा गैरसमज होतो.

दुसरा प्रश्न: एकच पोर्टल उघडत नाही की काहीच उघडत नाही? बाकी सर्व उघडत असेल तर दोष आपल्या पेढीत असण्याची शक्यता कमी. विवरणपत्राच्या शेवटच्या तारखेला सरकारी पोर्टलवर गर्दी होते हे सर्वांना माहीत आहे. ई-वे बिलासाठी १ जुलै २०२५ रोजी दुसरे पोर्टलही सुरू झाले. पहिले चालत नसेल तर तेथे प्रयत्न करता येतो.

तिसरा प्रश्न: तारेवर चालते आणि वाय-फायवर अडते, असे आहे का? तसे असेल तर लाईन ठीक आहे, अडचण हवेतल्या जोडणीची आहे.

या तीन उत्तरांनी अर्धा तपास होतो. सर्व यंत्रे एकदम बंद असतील तर राउटर, ओएनटी किंवा बाहेरची लाईन पाहावी. एकच यंत्र बंद असेल तर ते यंत्र, त्याची तार आणि त्याचा पत्ता पाहावा.

दिवे काय सांगतात

ओएनटीवर पीओएन आणि एलओएस अशी अक्षरे असलेले दोन दिवे महत्त्वाचे. पीओएनचा दिवा हिरवा आणि स्थिर असेल तर डब्याची कंपनीच्या केंद्राशी ओळख पटलेली आहे. तो उघडझाप करीत असेल तर ओळख पटवण्याचा प्रयत्न चालू आहे. एलओएसचा दिवा लाल झाला तर काचेच्या तारेतून प्रकाश पोहोचत नाही. अशा वेळी राउटर कितीही वेळा बंद-चालू केला तरी उपयोग नाही. तार कोठे दाबली गेली आहे का, कपाटामागे तीव्र कोनात वाकली आहे का, उंदराने कुरतडली आहे का, एवढे पाहावे आणि कंपनीला फोन करावा. निघालेल्या फायबरच्या टोकात डोळा घालून पाहू नये, त्यातला प्रकाश दिसत नाही पण डोळ्याला अपायकारक असू शकतो.

एकही दिवा लागत नसेल तर प्रश्न विजेचा आहे. या डब्यांना बहुधा १२ व्होल्टचा छोटा अडॅप्टर असतो. विजेचा दाब वरखाली होणाऱ्या भागात हा अडॅप्टर आधी कमजोर होतो. दिवे लागतात, पण काम वाढले की डबा आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू होतो. पुष्कळ ठिकाणी राउटर इन्व्हर्टरवर असतो आणि ओएनटी साध्या बोर्डावर. वीज गेली की वाय-फायची खूण दिसत राहते, इंटरनेट मात्र नसते. दोन्ही एकाच इन्व्हर्टरवर घ्यावेत.

ज्यांची पेढी कारखान्याला लागून आहे त्यांनी उडत्या रुईकडेही लक्ष द्यावे. राउटरच्या हवेच्या फटी रुईने बुजतात, डबा तापतो आणि दुपारी अडखळू लागतो. महिन्यातून एकदा डबा बंद करून कोरड्या ब्रशने फटी साफ कराव्यात आणि तो मागांपासून दूर, उंचावर ठेवावा.

बंद-चालू करणे वेगळे, रिसेट वेगळे

राउटर बंद करून पुन्हा सुरू करण्यात काही धोका नाही. आधी दोन्ही डब्यांची वीज अर्धा मिनिट बंद ठेवावी, मग ओएनटी सुरू करावा, पीओएनचा दिवा स्थिर झाला की राउटर सुरू करावा. राउटरच्या मागे टाचणीएवढ्या छिद्रात असलेले रिसेटचे बटण मात्र दाबून ठेवू नये. त्याने कंपनीने भरलेले युजरनेम, पासवर्ड आणि इतर सर्व रचना पुसली जाते. मग पाच मिनिटांचा बिघाड माणूस येईपर्यंत ताणला जातो. हे युजरनेम व पासवर्ड कंपनीकडून आधीच लिहून घेऊन तिजोरीत ठेवावेत.

पत्ता मिळाला का?

दिवे ठीक असतील तर संगणकाकडे वळावे. विंडोजमध्ये कमांड प्रॉम्प्ट नावाची काळी खिडकी असते. ती उघडून इंग्रजीत आय-पी-सी-ओ-एन-एफ-आय-जी ही अक्षरे सलग टाईप करून एंटर दाबावे. जी माहिती येते त्यात दोन ओळी पाहाव्यात: संगणकाचा आयपीव्ही४ पत्ता आणि डिफॉल्ट गेटवे. गेटवे म्हणजे आपल्या राउटरचा पत्ता, बहुधा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१.

संगणकाचा पत्ता १६९.२५४ या आकड्यांनी सुरू होत असेल तर त्याला राउटरकडून क्रमांक मिळालेला नाही. दरवानाची गाठच पडली नाही म्हणून संगणकाने स्वतःच एक आकडा लावून घेतला आहे. तार नीट बसवावी, दुसरी तार लावून पाहावी, राउटरच्या दुसऱ्या भोकात लावावी. तारेच्या टोकाचा प्लास्टिकचा खटका तुटलेला असला तर ती हळूहळू सैल होते, आणि हा दोष फार सर्रास सापडतो.

कधी कधी वाय-फायचा पल्ला वाढवण्यासाठी कोणी जुना राउटर आणून मधेच जोडून देतो. मग एका इमारतीत दोन दरवान होतात आणि दोघेही क्रमांक वाटू लागतात. काही यंत्रे चालतात, काही अडतात, आणि रोज वेगळेच यंत्र अडते. असे लक्षण दिसले तर दुसऱ्या राउटरची क्रमांक वाटण्याची सोय बंद करावी. तिला डीएचसीपी म्हणतात. प्रिंटरला हाताने कायमचा क्रमांक दिला असेल तर तो दुसऱ्या कोणाला जाणार नाही याची नोंदही राउटरमध्ये करून ठेवावी.

तीन हाका

आता दोष आत आहे की बाहेर याचा निकाल लावायचा. त्यासाठी पिंग नावाची आज्ञा आहे. अमेरिकेतील माईक म्यूस या संगणकतज्ज्ञाने ती डिसेंबर १९८३ मध्ये लिहिली आणि चाळीस वर्षांनंतरही तिच्याइतके सोपे साधन दुसरे नाही. पिंग समोरच्या यंत्राला हाक मारते आणि उत्तर यायला किती वेळ लागला ते मिलिसेकंदांत सांगते. एक मिलिसेकंद म्हणजे सेकंदाचा हजारावा भाग.

त्याच काळ्या खिडकीत पी-आय-एन-जी ही चार अक्षरे, मग एक जागा सोडून पत्ता लिहावा. अक्षरे आणि आकडे इंग्रजी घ्यावेत.

पहिली हाक राउटरला, म्हणजे गेटवेच्या पत्त्यावर. उत्तर आले नाही तर दोष पेढीच्या आतच आहे: तार, वाय-फाय किंवा राउटर. कंपनीला फोन करण्याची वेळ अजून आलेली नाही.

दुसरी हाक बाहेर, ८.८.८.८ या पत्त्यावर. हा गूगल कंपनीचा सार्वजनिक पत्ता असून तो पाठ करायला सोपा आहे. राउटर उत्तर देतो आणि हा देत नाही, तर अडथळा राउटरच्या पलीकडे आहे. रिचार्ज संपले आहे का ते आधी पाहावे, मग तक्रार करावी.

तिसरी हाक नावाने, म्हणजे एखाद्या मोठ्या संकेतस्थळाचे नाव लिहून. आकड्याला उत्तर येते आणि नावाला येत नाही, तर लाईन चालू आहे पण नावावरून आकडा शोधून देणारी डिरेक्टरी चालत नाही. तिला डीएनएस म्हणतात. अशा वेळी राउटरमध्ये किंवा संगणकात डीएनएसच्या जागी ८.८.८.८ किंवा १.१.१.१ भरले की काम बहुधा सुरू होते.

एक सावधगिरी अशी की काही संकेतस्थळे सुरक्षेसाठी पिंगला उत्तरच देत नाहीत. केवळ पिंगचे उत्तर नाही म्हणून ते पोर्टल बंद आहे असे समजू नये. तिन्ही हाका ठीक असूनही पोर्टल सुरक्षेचा इशारा देत असेल तर संगणकाची तारीख व वेळ तपासावी. जुन्या संगणकाच्या आतला छोटा सेल संपला की त्याची तारीख मागे जाते आणि मग तो सुरक्षित पोर्टलवर भरवसा ठेवायला तयार होत नाही.

बंद नाही, पण सुस्त

पूर्ण बंद लाईनपेक्षा सुस्त लाईन जास्त सतावते. यासाठी पिंग चार वेळा करून थांबू नये. पत्त्यानंतर जागा सोडून वजाचे चिन्ह, त्याला लागून एन, पुन्हा जागा सोडून १०० लिहिले की शंभर हाका मारल्या जातात. शेवटी किती हाका वाया गेल्या याचा हिशेब येतो. तारेवरून राउटरला मारलेली एकही हाक वाया जाता कामा नये. तेथेच तीन-चार वाया जात असतील तर तार बदलावी. राउटरपर्यंत एकही वाया जात नाही आणि बाहेर पाच-दहा जातात, तर बाहेरची लाईन खराब आहे. हा आकडा लिहून ठेवावा, तक्रारीत तो कामास येतो.

वाय-फायच्या दोन पट्ट्या असतात. २.४ गिगाहर्ट्झची पट्टी भिंतीपलीकडे जाते, पण मार्केटमध्ये प्रत्येक गाळ्यात तीच वाजत असल्याने तिच्यात गर्दी होते. ५ गिगाहर्ट्झची पट्टी वेगवान आहे, पण भिंत आली की थकते. २.४ मध्ये चॅनेल १, ६ आणि ११ एकमेकांवर चढत नाहीत, शेजाऱ्यांचे पाहून त्यांतले मोकळे निवडावे. राउटर लोखंडी कपाटात किंवा कपाटामागे ठेवू नये. आणि ज्या संगणकावर बिले बनतात त्याला वाय-फायवर ठेवूच नये, त्याला तार द्यावी.

तारेचीही एक गोष्ट आहे. तिच्यात आठ धागे, म्हणजे चार जोड्या असतात. १,००० मेगाबिटच्या वेगाला चारही जोड्या लागतात. एखादी जोडी तुटली की जोडणी बहुधा १०० मेगाबिटवर उतरते आणि काही संदेश न देता तशीच चालत राहते. २०० मेगाबिटची योजना घेऊनही संगणकावर ९४-९५ च्या वर आकडा जात नसेल तर कंपनीशी भांडण्याआधी ही तार बदलून पाहावी.

वेग मोजताना मेगाबिट आणि मेगाबाईट यांत घोळ करू नये. आठ मेगाबिटांचा एक मेगाबाईट होतो. ४० मेगाबिटची लाईन एका सेकंदात ५ मेगाबाईट आणते. वार आणि मीटर यांत जसा फरक, त्याहून कितीतरी मोठा हा फरक आहे.

आवक-जावकीचा हिशेब

आता राउटरच्या रहदारीचा मुद्दा. दिवे ठीक, हाका ठीक, तरी काम रेंगाळते, तर लाईन भरली असण्याचा संभव आहे. ती कोणी भरली हे राउटर सांगतो. ब्राउझरमध्ये गेटवेचा पत्ता लिहिला की राउटरचे पान उघडते. तेथे जोडलेल्या यंत्रांची यादी असते आणि बहुतेक राउटरांत किती माल आला व गेला याचे मीटरही असते. लाईटच्या मीटरसारखेच ते वाचायचे: आताचा आकडा वजा मघाचा आकडा.

समजा ४० मेगाबिटची लाईन आहे. ११ वाजता मीटर वाचले आणि ११ वाजून ५ मिनिटांनी पुन्हा वाचले. मधल्या ३०० सेकंदांत आकडा १,५०० मेगाबाईटने वाढला. ३०० ने भागले की सेकंदाला ५ मेगाबाईट, आठने गुणले की ४० मेगाबिट. म्हणजे लाईन काठोकाठ भरलेली आहे आणि बिघाड कुठेच नाही. अशा वेळी राउटर बदलणे म्हणजे पैसे वाया घालवणे.

भरणारे कोण असतात? संगणकाची मोठी अपडेट, फोनमधील फोटोंचा आपोआप होणारा बॅकअप, हिशेबाच्या डेटाची बाहेर साठवणूक, कोणाच्या तरी हातातला व्हिडिओ. आणि सर्वांत गुपचूप काम करणारे म्हणजे कॅमेरे. चार कॅमेरे प्रत्येकी २ मेगाबिट या हिशेबाने चित्र चोवीस तास बाहेर पाठवीत असतील तर ८ मेगाबिट सतत जावक झाली. सतत वाहणारा १ मेगाबिट दिवसाला १०.८ गिगाबाईट होतो. ८ मेगाबिटचे दिवसाला ८६.४ आणि ३० दिवसांचे जवळपास २,६०० गिगाबाईट झाले. 'अनलिमिटेड' म्हणून विकल्या जाणाऱ्या पुष्कळ योजनांनाही महिन्याची मर्यादा असते आणि ती ओलांडली की वेग उतरवला जातो. दर महिन्याच्या अखेरीस लाईन सुस्त होते अशी तक्रार असलेल्यांनी आधी हा हिशेब करावा. चित्रे पेढीतल्याच रेकॉर्डरवर साठवून, बाहेर फक्त गरजेपुरती पाठवली की हा भार उतरतो.

जावक भरली तर आवकही अडते, हे पुष्कळांना ठाऊक नसते. पोर्टल उघडण्यासाठी आपल्याला आधी छोटी मागणी पाठवावी लागते. अरुंद गल्लीत गाठींचा ट्रक उभा राहिला की मागची सायकलसुद्धा अडकते, तशी ही मागणी बॅकअपच्या मागे रांगेत राहते. अशा वेळी ८.८.८.८ ला पिंग केले तर एरवी दोन आकडी असणारी वेळ शेकड्यांत जाते. ते या दुखण्याचे पक्के लक्षण होय. इलाज दोन आहेत. बॅकअप आणि अपडेट रात्रीच्या वेळी लावावेत आणि राउटरमध्ये क्यूओएस नावाची सोय असेल तर बिलांच्या संगणकाला पहिला मान द्यावा.

कोणत्या संगणकातला कोणता प्रोग्रॅम लाईन खातो हे विंडोजच्या रिसोर्स मॉनिटरमध्ये नेटवर्कच्या पानावर दिसते. मोठ्या पेढीत मायक्रोटिकसारखा राउटर असेल तर त्यात टॉर्च नावाचे साधन असते. ते त्या क्षणी कोणता पत्ता किती माल ओढतो ते दाखवते. राउटरची मीटरे दर पाच मिनिटांनी वाचून आलेख काढण्याची पद्धत तर १९९५ पासूनची आहे. त्या साली टोबियास ओटिकर यांनी एमआरटीजी हे साधन लोकांपुढे आणले, आणि त्याचे कारण असे की त्यांच्या संस्थेत बाहेर जाणारी ६४ किलोबिटची एकच लाईन होती व ती कशी चालते हे सर्वांना जाणून घ्यायचे होते. लाईन हजारपट मोठी झाली, पण प्रश्न तोच राहिला.

यादीत अनोळखी नाव

राउटरच्या यादीतील प्रत्येक यंत्र ओळखीचे असले पाहिजे. एकदा फुरसतीने बसून संगणक, फोन, प्रिंटर, कॅमेरे यांची मोजदाद करावी. यादीत दहा आणि मोजणीत सात असतील तर तीन कोणाचे? वाय-फायचा पासवर्ड गिऱ्हाईकाला, ड्रायव्हरला, शेजारच्या गाळ्याला दिला जातो आणि वर्षानुवर्षे बदलला जात नाही. आपल्या लाईनवरून कोणी गैरकृत्य केले तर चौकशी आधी ज्याच्या नावावर लाईन आहे त्याच्याकडे येते. शिवाय त्याच लाईनवर आपले बँकेचे व्यवहार आणि पार्ट्यांची खाती असतात.

बंदोबस्त सोपा आहे. वाय-फायचा पासवर्ड बदलावा आणि पाहुण्यांसाठी गेस्ट नावाची वेगळी वाट सुरू करावी. राउटरच्या पानाचा मूळ पासवर्ड डब्याच्या खाली छापलेला असतो किंवा सर्व राउटरांना तोच असतो, तो पहिल्याच दिवशी बदलावा. बाहेरून राउटर उघडण्याची सोय आणि डब्ल्यूपीएस बंद ठेवावे. राउटरचे सॉफ्टवेअर वेळोवेळी अद्ययावत करावे. डीएनएसच्या जागी आपण किंवा कंपनीने न भरलेला आकडा दिसला तर तो गंभीर इशारा समजावा, कारण खोट्या डिरेक्टरीने बँकेच्या नावावर खोटे पान दाखवता येते.

एक गोष्ट न्यायाची म्हणून सांगावीशी वाटते. रहदारीवर लक्ष ठेवणे म्हणजे नोकरांच्या पत्रांवर लक्ष ठेवणे नव्हे. किती माल कोणत्या यंत्राकडे गेला एवढेच पेढीला पाहिजे असते. लाईनवर अशी नजर आहे हे कामगारांना आणि मेहत्यांना आधी सांगावे आणि कामाच्या वेळेचा नियम सर्वांना सारखा लावावा. मालकाच्या मुलाचा व्हिडिओ चालतो आणि मुनीमाचा फोन तोडला जातो, असा हिशेब टिकत नाही.

तक्रार कशी करावी

"नेट चालत नाही" ही तक्रार नव्हे. सकाळी १०.४० पासून बंद, एलओएस लाल, किंवा राउटरपर्यंत शंभरात शून्य आणि बाहेर शंभरात बारा हाका वाया, असे सांगितले की पलीकडच्या माणसाला "राउटर बंद-चालू करा" एवढे सांगून फोन ठेवता येत नाही. तक्रारीचा डॉकेट नंबर अवश्य घ्यावा. दूरसंचार ग्राहकांसाठीच्या २०१२ च्या नियमांप्रमाणे तक्रार केंद्राच्या उत्तराने समाधान न झाल्यास कंपनीच्याच अपील अधिकाऱ्याकडे दाद मागता येते, आणि तेथे हा नंबर विचारला जातो.

दरम्यान माल अडता कामा नये. मोबाईलच्या हॉटस्पॉटवर ई-वे बिल सहज निघते, फक्त तो कसा सुरू करावा हे पेढीतल्या दोघांना आधीपासून ठाऊक हवे. रोज पुष्कळ गाड्या निघत असतील त्यांनी दुसऱ्या कंपनीची छोटी लाईन ठेवावी. पण दोन्ही तारा एकाच खांबावरून येत नाहीत याची खातरजमा करावी, नाहीतर एकाच ट्रकने दोन्ही तुटतात.

शेवटचे काम सर्वांत स्वस्त आहे. गल्ल्याजवळ एक वही ठेवावी. लाईन चांगली चालत असताना राउटरची आणि ८.८.८.८ ची पिंगची वेळ, तारेवरचा वेग, यंत्रांची संख्या आणि महिन्याच्या पहिल्या तारखेचे मीटर तिच्यात लिहावे. पुढे जो बिघाड होईल त्याची वेळ, लक्षण आणि इलाज त्याच वहीत. चांगल्या दिवसाचा आकडा माहीत नसेल तर वाईट दिवसाचा आकडा काहीच सांगत नाही. भाव पडला की चढला हे कळायला कालचा भाव लिहिलेला असावा लागतो, आणि हे कोणत्याही व्यापाऱ्याला शिकवावे लागत नाही.